हप्त्यांनीं विकलेलें घर आणि एकरकमी कर

भाड्यानें दिलेलें घर भाडेकरूलाच विकून टाकावें आणि किंमत एकदम न घेतां हप्त्याहप्त्यानें घ्यावी, हा विचार अलीकडे आमच्या ओळखीच्या दोन-तीन कुटुंबांत आम्हीं ऐकला. विचार वरवर पाहतां सोयीचा आहे. घेणाराला बँकेच्या दारीं जावें लागत नाहीं. देणाराची गळक्या नळांच्या तक्रारींतून आणि सोसायटीच्या वर्गण्यांतून सुटका होते. आणि घरांतील वृद्धांस वाटतें कीं, भाडें गेलें तरी हप्ता येतोच आहे. परंतु या सोयीच्या पोटांत प्राप्तिकराचा एक असा कांटा आहे कीं, तो आधीं दिसत नाहीं आणि बोचूं लागल्यावर काढतां येत नाहीं. तो आम्हांलाही ठाऊक नव्हता. आमचें शिक्षण जुन्या मॅट्रिकपर्यंतचें, आणि पुढील आयुष्य गेलें तें मुलांकडून शब्दरूपें घोकवून घेण्यांत. तेव्हां करशास्त्रांत आमचा अधिकार आहे असा समज वाचकांनीं करून घेऊं नये. गेल्या माघ-फाल्गुनांत एका प्रसंगानें आम्हांस हा विषय शिकावा लागला. तो जसा शिकलों तसा येथें सांगतों.

आमचे एक सहाध्यापक कांहीं वर्षांपूर्वीं निवर्तले. त्यांच्या पत्नीस आम्ही वहिनी म्हणतों. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत त्यांनीं नाशिक रोडला एक लहानसा फ्लॅट घेऊन ठेवला होता. २०१२-१३ सालीं, नोंदणीचा खर्च धरून १५ लाखांस. वहिनी राहतात त्या जुन्या घरांत, आणि फ्लॅटाचें १४ हजार रुपये भाडें व कुटुंबनिवृत्तिवेतन यांवर त्यांचा चरितार्थ चालतो. भाडेकरू तरुण आहे, सचोटीचा आहे. वह्या-पुस्तकांचें व झेरॉक्सचें दुकान चालवितो. एके दिवशीं संध्याकाळीं वहिनी आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, तो घर विकत घ्यावयास तयार आहे. पण पगाराचा कागद नाहीं म्हणून बँक त्याला पुरेसें कर्ज देत नाहीं. म्हणतो, काकू, तुम्हींच सांभाळून घ्या."

सांभाळून घेण्याची रीत अशी ठरत होती: किंमत ५५ लाख. त्यांतले ५ लाख आतां, आणि उरलेले ५० लाख पुढील वर्षापासून दरसाल ५ लाख याप्रमाणें दहा वर्षांत. व्याज नाहीं; व्याजाऐवजीं दोन लाखांनीं भाव चढवून दिला होता. पाडव्याच्या आधीं दस्त करावयाचा, म्हणजे पाडव्याला भाडेकरूनें आपल्या मालकीच्या दारावर गुढी उभारावी. वहिनींच्या मनांत कराविषयीं शंका होती, परंतु तीही फिटली होती. जांवई न्यू जर्सींत असतात. त्यांनीं दूरध्वनीवरून सांगितलें, "आई, काळजी करूं नका. जेवढे पैसे त्या वर्षीं हातीं येतील तेवढ्यांतल्या नफ्यावरच टॅक्स. आम्हीं इकडचें भाड्याचें घर असेंच विकलें."

जांवयांनीं सांगितलें तें खोटें नव्हतें. तें अमेरिकेपुरतें खरें होतें, आणि या साऱ्या प्रकरणाचें मूळ तेथेंच आहे.

अमेरिकेंत १९२६ सालच्या करकायद्यापासून हप्त्यांच्या विक्रीसाठीं स्वतंत्र पद्धति आहे. एकंदर किमतींत नफ्याचें प्रमाण किती, तें आधीं काढावयाचें. समजा, तीन लाख डॉलरांस विकलेल्या घरांत एक लाख ऐशीं हजार नफा आहे, म्हणजे शेंकडा साठ. मग मुद्दलापोटीं जो जो डॉलर येईल त्यांतले साठ सेंट नफा समजून त्या त्या वर्षीं कर द्यावयाचा. व्याज येईल तें निराळें. त्यावर नेहमींच्या उत्पन्नाप्रमाणें कर. भाड्याच्या घरावर तिकडे साडेसत्तावीस वर्षांच्या हिशेबानें दरसाल घसारा वजा मिळतो. तो विक्रीच्या वेळीं नफ्यांत परत मोजला जातो आणि त्या भागावर कराचा दर २५ टक्क्यांपर्यंत जाऊं शकतो. व्याज अगदींच कमी लावलें तर तिकडचें करखातें किमतीचाच कांहीं भाग व्याज समजून घेतें. म्हणजे तिकडेही गोष्ट फुकट सुटत नाहीं. मात्र कर पैशाच्या मागोमाग चालतो, पैशाच्या पुढें धांवत नाहीं.

आमच्याकडे तो पुढें धांवतो. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याचें ४५ वें कलम सांगतें कीं, मिळकतीचें हस्तांतर ज्या वर्षीं झालें त्या वर्षींचें उत्पन्न म्हणून भांडवली नफा मोजावा. आणि ४८ व्या कलमांत किंमत म्हणून जी धरावयाची ती 'मिळालेली' तेवढीच नव्हे, तर 'मिळण्याचा हक्क उत्पन्न झालेली' सुद्धां. १ एप्रिल २०२६ हा २०२५ च्या नव्या प्राप्तिकर कायद्याचा आरंभदिन. त्यांत कलमांचे अंक बदलले, 'करवर्ष' असा नवा शब्द आला, परंतु हें तत्त्व तसेंच राहिलें. व्याकरणाच्या भाषेंत बोलावयाचें तर करखातें क्रियापद पाहतें. 'विकलें' हा भूतकाळ एकदां झाला कीं, 'पैसे मिळतील' या भविष्यकाळाशीं त्याला कर्तव्य नाहीं. (भांडवली नफ्यावरचा कर आपल्याकडे आला तो १९४७ सालीं, हंगामी सरकारचे अर्थमंत्री लियाकत अली खान यांच्या अंदाजपत्रकानें. तो लवकरच उठला. पण १९५६ सालीं पुन्हां आणला गेला आणि तेव्हांपासून मुक्कामास आहे.)

आतां वहिनींच्या व्यवहाराचा हिशेब पाहूं. हा हिशेब आम्हांस मांडून दिला तो आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें. तो आतां सनदी लेखापाल आहे. शाळेंत असतांना संस्कृतांत जेमतेम उत्तीर्ण होई, गणितांत मात्र त्याचा हात कोणी धरीत नसे. १५ लाखांचें घर ५५ लाखांस गेलें. नफा ४० लाख. २३ जुलै २०२४ पासून दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्यावर १२॥ टक्के कर आहे, म्हणजे ५ लाख, आणि वर ४ टक्के अधिभार २० हजार. एकूण ५ लाख २० हजार. त्या तारखेपूर्वीं घेतलेल्या घरास महागाईचा निर्देशांक लावून २० टक्क्यांनीं कर काढण्याची जुनी वाटही निवासी व्यक्तीस खुली ठेवली आहे. पण २०२५-२६ सालचा निर्देशांक लावून पाहिलें तर त्या वाटेनें अधिभाराच्या आधींच ५ लाख ३६ हजार होतात. तेव्हां पहिलीच वाट स्वस्त. वहिनींचें निवृत्तिवेतन व ठेवींचें व्याज करमुक्त मर्यादा भरून काढतात, म्हणून तिकडूनही सूट नाहीं.

वाचकांनीं हे दोन आंकडे शेजारीं ठेवून पाहावे. पहिल्या वर्षीं हातीं येणार ५ लाख. पहिल्याच वर्षाचा कर ५ लाख २० हजार. म्हणजे घर गेलें, महिन्याचें १४ हजारांचें भाडें थांबलें, पहिला हप्ता सगळाच्या सगळा सरकारांत गेला, आणि वर २० हजार पदरचे भरावयाचे. तेही केव्हां? पाडव्याच्या आधीं दस्त झाला तर मार्चअखेर संपणाऱ्या वर्षांत विक्री पडणार आणि ३१ जुलैच्या आंत विवरणपत्राबरोबर कर भरावा लागणार, चार महिन्यांत. आम्हीं हें वहिनींना सांगितलें तेव्हां त्या बराच वेळ बोलल्याच नाहींत. मग एवढेंच म्हणाल्या, "म्हणजे वर्षभर मी खाऊं काय?"

यावर कोणी म्हणेल कीं, खरेदीखत आतां करूंच नये. आतां नुसतें साठेखत करावें, आणि दहाव्या वर्षीं शेवटचा हप्ता मिळाला म्हणजे खरेदीखत करावें. कर तेव्हां लागेल. नाशिक रोडच्या एका दलालानें वहिनींना हाच उपाय सुचविला होता. पूर्वीं लोक असें करीतही असत. खत करावयाचें नाहीं, ताबा मात्र देऊन टाकावयाचा. म्हणूनच १ एप्रिल १९८८ पासून कायद्यांत अशी तरतूद झाली कीं, १८८२ च्या मालमत्ता-हस्तांतर कायद्याच्या ५३-अ कलमांत सांगितल्याप्रमाणें करारापोटीं ताबा दिला गेला, तर करापुरतें तें हस्तांतरच समजावें. या ५३-अ कलमाचा आश्रय मिळण्यास २००१ पासून साठेखत नोंदलेलें असावें लागतें, आणि सर्वोच्च न्यायालयानें २०१७ सालीं कराच्या बाबतींतही हीच अट लागू असल्याचें सांगितलें. म्हणजे नोंदलेलें साठेखत आणि ताबा हीं दोन एकत्र आलीं कीं कर उभा राहिला.

येथें भाडेकरूच्या बाबतींत एक विशेष आहे, आणि तोच बहुतेकांच्या ध्यानांत येत नाहीं. परक्या गिऱ्हाइकाला ताबा द्यावा लागतो. किल्ली हातांत दिल्याचा एक दिवस असतो. भाडेकरू तर आंतच राहत असतो. मग ताबा केव्हां दिला म्हणावयाचा? ५३-अ कलमांत याचाही विचार आहे. आधींपासून ताब्यांत असलेला मनुष्य करारापोटीं तसाच ताब्यांत राहिला आणि करार पुढें नेणारी एखादी गोष्ट त्यानें केली, तर तोही ताबाच. आणि वहिनींच्या साठेखताच्या मसुद्यांत दलालानें लिहिलें होतें कीं, "आजपासून भाडें बंद, व लिहून घेणार हे खरेदीदार या नात्यानें राहतील." या एका वाक्यानें दहा वर्षांनंतरचा कर आजच ओढवला असता. मसुदा लिहिणाराला हें ठाऊक नसावें. असतें तर त्यानें तें वाक्य इतक्या सुंदर अक्षरांत लिहिलें नसतें.

खरोखरच कर पुढें ढकलावयाचा असेल तर भाड्याचा करार चालू ठेवावा, भाडें निराळें व इसाऱ्याची रक्कम निराळी घ्यावी, आणि खरेदीदार म्हणून ताबा शेवटच्या रकमेबरोबरच द्यावा. दोन-तीन वर्षांच्या व्यवहारास हें शोभतें. दहा वर्षांच्या व्यवहारास नाहीं. कारण घेणारा दहा वर्षें पैसे भरीत राहील आणि घर दुसऱ्याच्याच नांवावर, हें कोणता शहाणा मनुष्य सोसेल? शिवाय महाराष्ट्रांत ताबा देण्याचें ठरविणाऱ्या साठेखतालाच खरेदीखताइतकें मुद्रांक शुल्क लागतें. पुढें खरेदीखताच्या वेळीं तें वळतें मिळतें, पण पैसे तर आजच मोजावे लागतात.

करमाफीच्या ज्या सवलती आहेत त्यांचीही हप्त्यांच्या विक्रींत अशीच अडचण होते. भाड्यानें दिलेलें असलें तरी तें राहतें घरच समजलें जातें. म्हणून नफ्यांतून दुसरें घर घेतलें तर कर माफ होतो, पण तें विक्रीपूर्वीं एक वर्षांत किंवा विक्रीनंतर दोन वर्षांत घ्यावें, बांधावयाचें असल्यास तीन वर्षांत. सरकारमान्य संस्थांच्या ठराविक रोख्यांत ५० लाखांपर्यंत रक्कम गुंतविली तरी माफी आहे, पण ती हस्तांतरापासून सहा महिन्यांच्या आंत, आणि पांच वर्षें पैसे अडकून. या सर्व मुदती मोजावयाच्या त्या हस्तांतराच्या दिवसापासून. हप्ता मिळाल्याच्या दिवसापासून नव्हे. चौथ्या वर्षींच्या हप्त्यानें रोखे घेऊन चौथ्या वर्षीं माफी मागतां येत नाहीं. ज्याच्या हातीं पैसा नाहीं त्याला माफीचा दरवाजा दिसतो, पण उंबरठा ओलांडतां येत नाहीं.

बिनव्याजी हप्त्यांची गोष्ट तर आम्हांस सर्वांत वाईट वाटली. भाडेकरूच्या मनांत कपट नव्हतें. त्याला वाटलें, काकूंना दोन लाख वाढवून दिले म्हणजे झालें. पण दहा वर्षांत मिळणाऱ्या ५० लाखांची आजची किंमत काय? ठेवीवर सात टक्के मिळतात असें धरलें, तर दरसाल ५ लाखांप्रमाणें दहा वर्षें मिळणाऱ्या रकमेची आजची किंमत सुमारें ३५ लाख भरते. पहिले ५ धरून ४०. म्हणजे वहिनी घर विकणार ४० लाखांस आणि कर भरणार ५५ लाखांच्या विक्रीवर! व्याज निराळें लिहून घेतलें असतें तर किंमत कमी लिहितां आली असती, किमतीवरचा कर कमी झाला असता, आणि व्याजावरील कर मात्र, जसजसें व्याज पदरीं पडेल तसतसा, त्या त्या वर्षीं उत्पन्नाच्या पायरीप्रमाणें द्यावा लागला असता. आपल्या लोकांना ओळखीच्या माणसाकडून व्याज घेण्याचा संकोच वाटतो. पोस्टांतल्या ठेवीवर तेंच व्याज घेतांना कोणी संकोचत नाहीं.

किंमत कमी लिहितां येते ती मात्र एका मर्यादेपर्यंतच. सरकारी रेडीरेकनरप्रमाणें मुद्रांकासाठीं जी किंमत धरतात ती लिहिलेल्या किमतीच्या ११० टक्क्यांहून अधिक असेल, तर विकणाराच्या कराला तीच सरकारी किंमत धरतात, आणि घेणारालाही तो फरक उत्पन्न म्हणून मोजावा लागतो. ५५ लाखांच्या व्यवहारास ही मर्यादा साडेसाठ लाखांची. वहिनींच्या घराची सरकारी किंमत ५२ लाख निघाली, म्हणून ती चिंता नव्हती. परंतु दस्त करण्यापूर्वीं ती पाहून घ्यावी.

पुढें जी गोष्ट ती रोखीची. हप्ता दुकानाच्या गल्ल्यांतून यावयाचा, तेव्हां रोख देणें भाडेकरूस सोपें. पण घराच्या व्यवहारांत २० हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीनें घेण्यास १ जून २०१५ पासून मनाई आहे, आणि घेतल्यास तितक्याच रकमेचा दंड विकणारावर बसूं शकतो. सर्व हप्ते बँकेंतूनच यावे. ५० लाख वा अधिक किमतीच्या घराच्या रकमेंतून घेणारानें एक टक्का कापून सरकारांत भरावयाचा असतो, तोही प्रत्येक हप्त्याला. यांत मौज अशी कीं, वहिनींचा कर पहिल्या वर्षींचा, आणि कापलेला टक्का मात्र दहा वर्षें थोडा थोडा त्यांच्या खातीं जमणार. तो वजा मिळविण्यास मागाहून अर्ज करीत बसावें लागणार. आमच्या विद्यार्थ्याचें मत असें पडलें कीं, सगळे ५५ हजार पहिल्याच रकमेंतून कापून भरले तर हें लोढणें राहणार नाहीं.

आणि हप्ते थांबले तर? कर तर भरून झालेला. बुडालेल्या हप्त्यावरचा कर परत मिळावा अशी सरळ वाट भांडवली नफ्याच्या प्रकरणांत नाहीं. म्हणून येथें करापेक्षां तारण महत्त्वाचें. आपल्या १८८२ च्या कायद्यानें विक्रीची व्याख्या करतांनाच किंमत 'दिलेली, देण्याचें वचन दिलेली, किंवा कांहीं दिलेली व कांहीं वचन दिलेली' असूं शकते असें म्हटलें आहे. म्हणजे हप्त्यांची विक्री त्या कायदेकर्त्यांना अपरिचित नव्हती. मालकी घेणाराकडे गेल्यावरही न दिलेल्या किमतीचा बोजा घरावर विकणाराच्या नांवें राहतो, असेंही त्यांत आहे. तथापि नुसत्या कायद्याच्या बोजावर विसंबूं नये. खरेदीखताबरोबरच उरलेल्या रकमेचें गहाणखत नोंदवून घ्यावें, म्हणजे पुढें कोणी घर विकत घेऊं लागला तर शोध घेतांना त्याला तें दिसेल. अशा तारणावरील पैशांच्या वसुलीस दावा लावण्याची मुदत १२ वर्षांची आहे, ती पैसे देय झाल्यापासून.

एका बाबतींत मात्र आमचा कायदा अमेरिकेपेक्षां बरा. मध्येंच विकणाराचें कांहीं झालें तर तिकडे उरलेल्या हप्त्यांतील नफ्याचा कर वारसांच्या मागें लागतो. आपल्याकडे कर पहिल्याच वर्षीं फिटलेला असतो. मुलांना मुद्दल येतें तें निर्वेध, व्याजावरचा कर काय तो त्यांचा. हें आम्हीं वहिनींना सांगितलें तेव्हां त्या प्रथमच हंसल्या. "म्हणजे मी मेल्यावर सोय चांगली आहे म्हणा कीं!"

मनुस्मृतींत व्यवहाराच्या ज्या अठरा पदांची गणना आहे त्यांत क्रयविक्रयानुशय म्हणून एक पद आहे. विकल्यावर किंवा घेतल्यावर मन पालटलें तर दहा दिवसांच्या आंत व्यवहार परत फिरवितां यावा, अशी तेथें व्यवस्था. आमच्या काळच्या दस्तांस अशी मुदत नाहीं, म्हणून आम्हीं वहिनींना दस्ताच्या आधींच दहा दिवस घ्यावयास सांगितले. त्यांनीं ते घेतले. मग एके दिवशीं त्या भाडेकरूला आमच्या घरीं बोलावून घेतलें, विद्यार्थीही आला. भाडेकरूसमोर आम्हीं तेच दोन आंकडे ठेवले. तो कागदाकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "सर, काकूंना खिशांतून भरावें लागेल हें मला कोणीच बोललें नाहीं." आम्हांस बरें वाटलें. आम्हीं त्याच्याविषयीं मनांत कांहीं वेगळेंच योजिलें होतें, हें येथें कबूल करतों.

ठरलें तें असें. किंमत ५५ लाखच. पण पहिली रक्कम ५ ऐवजीं १५ लाख. गांवाकडचा जमिनीचा आपला हिस्सा भावाला देऊन त्यानें ती उभी केली. उरलेल्या ४० लाखांवर ८ टक्के व्याज, दहा वर्षें, दरमहा ४८ हजार ५३१ रुपयांचा हप्ता. पहिल्या महिन्यांत त्यांतले २६ हजार ६६७ व्याज आणि उरलेलें मुद्दल. पुढें व्याज उतरत जाईल. प्रत्येक हप्त्यांत मुद्दल किती व व्याज किती याचा तक्ता गहाणखताला जोडला, कारण व्याजावर कर दरसाल भरावयाचा आहे आणि मुद्दलावर पुन्हां भरावयाचा नाहीं. पहिल्या १५ लाखांतले १० लाख वहिनींनीं सहा महिन्यांच्या मुदतींत रोख्यांत घालावयाचे. त्यानें नफ्यांतले १० लाख सुटून १२॥ टक्क्यांच्या वाटेनें कर ५ लाख २० हजारांवरून ३ लाख ९० हजारांवर येतो. उरलेले ५ लाख करासाठीं म्हणून बँकेंत निराळे. त्यांतून कर देऊन कांहीं शिल्लकही राहते.

आणि दस्त पाडव्याच्या आधीं नाहीं. या एका गोष्टीवर भाडेकरू हिरमुसला. पाडवा साडेतीन मुहूर्तांतला, खरा. पण अक्षय्य तृतीयाही त्यांतलीच, आणि ती १ एप्रिलच्या पलीकडे पडत होती. मार्चांतला दस्त तर कर चार महिन्यांत. एप्रिलांतला दस्त तर पुढच्या वर्षाच्या जुलैपर्यंत, म्हणजे पंधरा महिन्यांवर. साठीच्या पुढील ज्या निवासी व्यक्तीस धंद्याचें उत्पन्न नाहीं तिला मध्यंतरीं आगाऊ कर भरण्याचीही सक्ति नाहीं. एवढ्या अवधींत वहिनींचे बारा हप्ते येऊन जातील. मुहूर्ताविषयीं आम्ही स्वतः आग्रही आहोंत. म्हणूनच दोन मुहूर्तांतला कोणता निवडावा हें पंचांगाबरोबर करखात्याचें वर्षही पाहून ठरविलें तर त्यांत अधर्म नाहीं असें आम्हीं त्याला समजावून दिलें.

जांवयांना हा सर्व हिशेब कळविला. त्यांनीं मोकळेपणानें लिहिलें कीं, इकडचा नियम तिकडेही असेल असें मीं धरून चाललों. खरेदीखत व गहाणखत अक्षय्य तृतीयेनंतरच्या आठवड्यांत दुय्यम निबंधकांच्या कचेरींत नोंदलें. मार्चअखेरचें भाडें भाडेकरूनें नेहमींप्रमाणें दिलें; एप्रिलचें, दस्ताच्या दिवसापर्यंतचें, हिशेब करून दिलें; आणि त्याची ५० हजारांची जुनी अनामत वहिनींनीं त्याच दिवशीं धनादेशानें परत केली. ती पहिल्या रकमेंत वळती करून घ्यावी असें त्याचें म्हणणें होतें, पण भाड्याचा हिशेब आणि विक्रीचा हिशेब एका पानावर येऊं द्यावयाचा नाहीं असें आमच्या विद्यार्थ्यानें बजावलें होतें. सोसायटीच्या भागदाखल्यावर नव्या मालकाचें नांव चढावयाचें तेवढें अजून राहिलें आहे. चिटणीस गांवाहून परतल्यावर तेंही होईल.